दादाची सही (कायदेशीर पालकत्व, बँक आणि बाकीचं सगळं)

रानजाई

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबणार आहे.

माझा दादा ४४ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम. बाबा लवकर गेले, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, मागच्या श्रावणात तीही गेली. मी पुण्यात, नवरा मुलगी नोकरी सगळं इथे, आणि दादा साताऱ्याला आमच्या घरात. वरच्या मजल्यावर भाडेकरू काका-काकू आहेत, वीस वर्षं झाली, आता भाडेकरू म्हणायलाही लाज वाटते, ते त्याचं जेवणखाण बघतात आणि मी शुक्रवारी रात्री जाऊन सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. असं आठ महिने चाललंय आणि कायम चालणार नाही हे मलाही कळतंय.

आता मुद्दा. दादाच्या नावावर आईने खूप आधी खातं उघडलं होतं, पुढेमागे फॅमिली पेन्शन त्यातच येईल म्हणून. बारा वर्षं तो स्वतः सही करून पैसे काढायचा, आई नुसती शेजारी उभी. त्याच्या नावात तीन अक्षरं आहेत, लिहायला दोन मिनिटं लागतात, तिसरं अक्षर हमखास रेघेखाली उतरतं, आणि सगळ्यात शेवटी तो जीभ दातात धरून वरची रेघ मारतो, डब्याला झाकण लावल्यासारखी. जुन्या कॅशियर बाई ती रेघ होईपर्यंत मागच्या माणसाला थांबवून धरायच्या.

गेल्या महिन्यात नवीन साहेब आलेत (बँकेचं नाव नको). त्यांनी स्लिप पाहिली, सही जुळत नाही म्हणाले, आणि मला विचारलं, "ह्यांना समजतं का?" दादा समोरच्याच खुर्चीत. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "समजतं." साहेब माझ्याकडेच बघत राहिले. मग म्हणे कोर्टातून पालकत्वाची ऑर्डर आणा, तोपर्यंत व्यवहार बंद. दादा घरी येऊन वहीत पानभर सह्या करत बसला, ह्यातली कुठली चालेल मला विचारत होता. ती वही मी अजून आवरलेली नाही.

तर कोर्टात खरंच जावं लागतं का? कुणी केलंय का हे? आणि दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. सगळे नातेवाईक म्हणतात पुण्याला घेऊन ये. मलाही तेच बरं वाटतं. पण दादा सकाळी साडेसहाला गल्लीतल्या सहा घरांच्या दुधाच्या पिशव्या घेऊन दारोदार ठेवतो, कुणाची निळी कुणाची हिरवी सगळं पाठ, मग कार्यशाळेत जातो, तिथे कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या आधी पणत्या, महिन्याला ९०० रुपये मिळतात आणि शनिवारी त्यातून वडापाव आणतो, सगळ्यांना, पैसे तोच देणार. पुण्याला चल म्हटलं की एकच वाक्य, "दूध कोण घेणार?"

---

तळ्याकाठी

कोर्टात जायची गरज नाही हे आधी ठामपणे सांगतो. मी मुलीचं केलंय (२६ वर्षं, सेरेब्रल पाल्सी आणि गतिमंदत्व). १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (कायद्यातला शब्द हाच आहे, माझा नाही) आणि बहुविकलांगता एवढे येतात, डाउन सिंड्रोमवाले त्यातल्या मतिमंदत्वात. प्रत्येक जिल्ह्यात लोकल लेव्हल कमिटी असते, कलेक्टर अध्यक्ष, बरोबर एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात, म्हणजे तुम्ही बहीण म्हणून करू शकता. मूल १८ चं झालं की आपण आपोआप कायदेशीर पालक राहत नाही हे आम्हाला ती २१ ची झाल्यावर कळलं, तेही पासपोर्टच्या खिडकीवर.

ह्या कमिटीचं सर्टिफिकेट बँकांनी खातं उघडायला आणि चालवायला मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलंय. ते सर्क्युलर प्रिंट काढून न्या. तोंडी सांगितलं तर साहेबलोक "आमच्याकडे असं काही आलेलं नाही" म्हणतात, कागद टेबलावर ठेवला की आत जाऊन फोन करतात.

वेळ मात्र लागतो. आमच्याकडे मीटिंगच लागत नव्हती, निवडणूक, मग पूर, मग साहेबांची बदली, असे अकरा महिने गेले. दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारायचं, रागवायचं नाही.

---

चिवडा_लाडू

वाचतेय. दुधाचं वाचून गलबललं.

---

काळाकोट

तळ्याकाठी म्हणतात ते बरोबर, पण अर्धं. रानजाई, अर्ज करायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, पालकत्व *कशासाठी* हवंय?

त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की कमिटीने दोन गोष्टी बघायच्या, ह्या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कुठल्या कामांसाठी. प्रत्यक्षात काय होतं, छापील फॉर्म, सगळ्या रकान्यांवर बरोबरची खूण, झालं. माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा (१९ एप्रिल २०१७ पासून लागू) उलट दिशेने जातो. त्याचं कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, मालमत्ता, बँकव्यवहार सगळ्यात. कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून, त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत आणि बँकेला ह्यातलं पहिलंच ऐकू येतं, कारण त्यांना एकच सही हवी असते.

तुमचा दादा बारा वर्षं स्वतः पैसे काढत होता. सही जुळत नाही हा सहीचा प्रश्न झाला, नव्याने नमुना सही द्या, अंगठ्याचीही सोय असते. त्यावरून थेट "समजतं का" वर उडी मारायचं काही कारण नव्हतं. लेखी मागा, व्यवहार का थांबवला ते लेखी द्या म्हणा. बऱ्याचदा तिथेच गाडं हलतं.

पालकत्व घेतलंत तर ते नुसतं सर्टिफिकेट नाही हेही लक्षात ठेवा. सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी कमिटीला द्यायची, पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. बहुतेक लोक देत नाहीत, तुम्ही द्या. उद्या कुणी चुलतभाऊ घरावरून उपटला तर तोच कागद कामाला येतो.

---

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. भावना बाजूला ठेवून विचार करा. तुमचं स्वतःचं कुटुंब आहे. एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवा, त्याच्यासारखेच लोक भेटतील, तुम्ही मोकळ्या. आणि सातारा काय पुणे काय, चार दिवसांत विसरतात हो ही माणसं. उगाच आपण त्यांच्या नावाने आपलं अपराधीपण कुरवाळत बसतो.

---

रानजाई

रोखठोक, राग नाही आला, कारण तुम्ही लिहिलंत ते माझा सख्खा मामा रोज फोनवर बोलतो. फक्त "विसरतात" हे चूक आहे. आई गेली त्याला आठ महिने झाले. दादा अजून रोज तिचं ताट मांडतो, आणि मग स्वतःच उचलून ठेवतो.

---

मावळती

मी संस्थेत ठेवलंय. माझं वय ७२, मुलगा ३८. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण 'संस्थेत टाकलं' हे क्रियापद मी फार ऐकलंय. टाकलं नाही. शोधायला चार वर्षं गेली. मुळशीजवळ कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज आहे, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे, बदलापूरला आधार, ह्या सगळ्या जागा मी स्वतः जाऊन, दुपारच्या जेवणाच्या वेळेला जाऊन बघितल्या. जेवणाच्या वेळी जा. कोण कुणाशी कसं बोलतं ते तेव्हा कळतं, ऑफिसात चहा पिऊन कळत नाही. पण जागा थोड्या आणि रांग मोठी, शिवाय पैसा लागतो. (आमचा मुलगा शेवटी तिसरीकडेच आहे, ते नाव लिहीत नाही.)

पहिले चार महिने तो माझ्याशी फोनवर बोलला नाही. घरची लोकं म्हणायची रुळला वाटतं. रुळला नव्हता, रागावला होता. आता मी गेले की मला त्याची खोली दाखवतो, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या गळ्यात. माझ्या घरी ३५ वर्षांत त्याला कुलपाचं कपाट दिलं नव्हतं आम्ही. सुचलंच नाही.

रानजाई, ठेवा म्हणत नाही, ठेवू नका असंही म्हणत नाही. पण तुमच्या बाबतीत घाई कसली आहे? वरचे काका-काकू धडधाकट आहेत का? तिथून मोजायला सुरुवात करा.

---

मेळघाटकर

मावळतीताईंच्या प्रतिसादाला शतशः अनुमोदन. आमच्याकडे परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, २०२४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना नाव कळलं. टाकून दिलेली बेवारस दिव्यांग मुलं सांभाळली, शंभरावर मुलांच्या नावापुढे स्वतःचं नाव लावलंय. त्यांची कित्येक वर्षांची मागणी एकच, १८ पूर्ण झाले म्हणून बालगृहातून बाहेर काढू नका, त्यांना कायम राहू द्या. ज्याला घर नाही त्याच्यासाठी अठरावा वाढदिवस म्हणजे काय असतो बघा.

---

बे_एरियाची_सून

इथलं थोडं सांगते, तुलना म्हणून नाही. कॅलिफोर्नियात १९६९ चा लँटरमन कायदा आहे, त्याखाली रिजनल सेंटर्स आहेत, २१ आहेत राज्यभर, प्रत्येक माणसाला एक केसवर्कर. माझ्या दिराच्या मुलाला ऑटिझम आहे, तो १८ चा झाला तेव्हा सगळे कन्झर्व्हेटरशिप घ्या म्हणून मागे लागले होते, म्हणजे आपलं पालकत्वच. त्यांनी घेतली नाही. २०२३ पासून इथे 'सपोर्टेड डिसिजन मेकिंग'चा कायदा आलाय, निर्णय त्याचा, मदतीला कोण हे त्याने निवडायचं. त्याने आईला पैशासाठी निवडलं, डॉक्टरसाठी मोठ्या बहिणीला, आणि बाबांना 'फक्त गाडी' असं लिहिलंय. दीर ते सगळ्यांना वाचून दाखवतात.

पण खरं सांगू, इथे दूधवाला ओळखत नाही. सगळ्या सर्व्हिसेस अपॉइंटमेंटने. तुमच्या गल्लीतली सहा घरं इथे कुठलंच सेंटर देत नाही.

---

फळा_आणि_खडू

स्पेशल एज्युकेटर आहे, २२ वर्षं झाली. दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

"पुण्याला येतोस का?" असं विचारू नका. आमची बरीच मुलं (मुलं म्हणते सवयीने, तो ४४ वर्षांचा पुरुष आहे, मलाच सुधारायला हवं) समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, आणि दोन पर्याय दिले तर बऱ्याचदा शेवटचा उचलतात. करून बघा, "चहा की कॉफी" म्हटलं की कॉफी, "कॉफी की चहा" म्हटलं की चहा. म्हणून एकच प्रश्न उलटसुलट, दोन-तीन दिवसांच्या अंतराने विचारायचा आणि उत्तर तेच येतंय का बघायचं. फोटो वापरा. साताऱ्याचं घर, काकू, दूध, कार्यशाळेचं दार, तुमचं पुण्याचं घर, तुमची मुलगी, तिथला पलंग. टेबलावर मांडा आणि काय काय हवं ते त्याला बाजूला काढू दे. तुम्ही त्या वेळी भांडी घासायला जा. समोर बसलात तर तुमच्या चेहऱ्यावर वाचेल, ह्यात ते आपल्यापेक्षा हुशार असतात.

आणि "दूध कोण घेणार" हे उत्तर आहे हो. तुम्ही त्याला प्रश्न समजताय.

एकदम बिऱ्हाड हलवू नका, आठ दिवस राहून परत, परत म्हणजे परत, कॅलेंडरवर त्याच्याच हाताने फुल्या मारून. एकदा जरी "अजून दोन दिवस राहा ना" केलंत तर पुढच्या वेळी तो बॅग भरू देणार नाही.

---

पाऊसवेडा

डॉक्टर म्हणून दोन ओळी. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना होतो, वर्षातून एकदा तपासा. ऐकू येतंय का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का तेही. ह्या लोकांत चाळिशीनंतर विसरभोळेपणाचा आजार इतरांपेक्षा लवकर सुरू होऊ शकतो, पण आई गेल्याचं दुःख किंवा कमी थायरॉइडही तसंच दिसतं, त्यामुळे घाईने शिक्का मारू देऊ नका. ताट मांडण्याचं वाचून मला तरी ते दुःखच वाटलं, आजार नाही. निरामय विमा काढलाय का? नॅशनल ट्रस्टचाच आहे, १ लाखापर्यंत, थेरपी आणि ओपीडीही त्यात येते, आधी मेडिकल तपासणी नाही. नूतनीकरण दरवर्षी आठवणीने, आमच्या ओळखीतल्या तिघांचं विसरल्याने बंद पडलं.

---

सोनचाफा

धाग्यात सगळे मुलगे आणि भाऊ आलेत म्हणून मुलीच्या आईच्या बाजूने लिहिते, थोडं अवांतर वाटेल.

माझ्या लेकीला १३ व्या वर्षी पाळी आली तेव्हा जवळच्याच एका शिकलेल्या बाईने मला सांगितलं, पिशवी काढून टाक, तिलाही त्रास नाही तुलाही नाही. इतकं सहज, दाढ काढ म्हणावं तसं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याला ससूनमध्ये नेऊन काढली होती, स्वच्छतेचं कारण देऊन. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा. पुढे २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने चंदीगडच्या एका केसमध्ये सांगितलं की सौम्य मतिमंद प्रौढ स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. म्हणजे तिचं हो-नाही मोजायचं. हे वाक्य मी कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, स्वतःसाठी.

लेकीला पॅड बदलायला शिकवायला सात महिने लागले. बाहुलीवर, मग लाल शाईच्या पॅडवर, मग कॅलेंडर. आता तीच मला आठवण करून देते की पॅड आणायला हवेत.

आणि मतदान! रानजाई, दादा मतदान करतो का? कोर्टाने वेडसर ठरवलेलं नसेल तर मतदार यादीत नाव राहतं, मतिमंद आहे म्हणून कुणी काढू शकत नाही. आमच्या केंद्रावर एक एजंट हरकत घ्यायला उठला होता, लेक त्याला म्हणाली "तू बस." बसला.

---

सदाशिवराव

सर्वांना नम्र सूचना, मतिमंद हा शब्द वापरू नये, दिव्यांग म्हणावे.

तळ्याकाठी

साहेब, माझ्या मुलीला तुम्ही काहीही म्हणा, फक्त बसमध्ये तिच्या शेजारची सीट सोडून उठू नका.

संपादक

शब्दांवरची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी, ही विनंती.

---

रानजाई (अडीच महिन्यांनी)

किती दिवसांनी येतेय, सगळ्यांचे खूप आभार, विपूतूनही (विचारपूस, म्हणजे इथल्या वैयक्तिक निरोपांतून) खूप जणांनी लिहिलं.

बँकेत काळाकोट यांनी सांगितल्याप्रमाणे लेखी मागितलं. लेखी काही मिळालं नाही, पण नवीन नमुना सही घेतली. दादाने वही नेली होती, साहेबांना म्हणाला ह्यातली निवडा. त्यांनी खरंच तीन पानं उलटली. तरी पेन्शनच्या कामाला पालकत्वाचा कागद लागणारच होता म्हणून कमिटीकडे अर्ज केला. कामाच्या रकान्यात मी फक्त पेन्शन, घराची कागदपत्रं आणि ऑपरेशनची वेळ आली तर संमती, एवढंच लिहिलं. खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणाले ताई सगळं लिहून टाका, नंतर परत यायला नको. खूप मोह झाला हो. पुढच्या वीस वर्षांच्या चकरा वाचत होत्या. नाही लिहिलं.

परवा कमिटीपुढे बोलावलं होतं. कमिटीतल्या एक मॅडम व्हीलचेअरवर होत्या, त्यांनी माझ्याशी न बोलता दादाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" दादाला कुणी तुम्ही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्याने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. मग म्हणाला, "पेन्शन ती बघेल. शनिवारचे पैसे माझे." मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते सर्टिफिकेट आलं की कळेल.

पुण्याला आठ दिवस येऊन गेला. फुल्या मारून. आठव्या दिवशी माझी मुलगी रडली, तो नाही रडला, साडेपाचलाच बूट घालून बसला होता. फोटोंचं म्हणाल तर तीनदा मांडले, तीनही वेळा साताऱ्याचं घर, काकू, दूध आणि माझी मुलगी. माझा फोटो एकदाच उचलला. ठीक आहे. तर सध्या काकूंना आम्ही भाडं माफ केलंय, दुपारी एक ताई येतात, मला आठवड्यातले तीन दिवस घरून कामाची परवानगी मिळाली तर तेवढे दिवस मीच तिथे. मामांनी फोन बंद केलाय. काकू ६३ च्या आहेत, मावळतीताई, मोजतेय.

थायरॉइड कमी निघालं, गोळी चालू केलीय. ताट अजून मांडतो.

---

नवी_पालवी

फार उपयोगी धागा. माझा भाचा पुढच्या महिन्यात १८ चा होतोय. अर्जाला फोटो किती लागतात?

रानजाई

आमच्याकडून चार घेतले. जास्तीचे काढून ठेवा. दादाने सहा काढले होते, एक काकूंच्या फ्रिजवर आहे आणि एक वडापावच्या गाडीवर.